ठेका : आपल्या गावचा आणि जगाचा

रात्रीचे जेवण आटोपले आहे. अंगणात बाज टाकून तुम्ही जरा आडवे झाला आहात. अशा वेळी नाल्यापलीकडच्या वस्तीवरून वाद्याचा आवाज येतो. तेथे काय चालले आहे, हे तुम्हांला कोणी येऊन सांगावे लागत नाही. डफडे कडकडत असेल तर लग्नाची वरात. खंजिरी ऐकू आली तर भजन. आपल्या विदर्भात खंजिरी म्हटली की तुकडोजी महाराजांची आठवण यायचीच. फाल्गुनात नंगारा आणि त्याच्या जोडीला थाळी वाजू लागली तर तांड्यावर होळीची लेंगी रंगली आहे. आणि दिवाळीच्या सुमारास केळापूर, झरी जामणी, घाटंजीकडच्या रानातून ढोलाचा आवाज रात्री उशिरापर्यंत येत राहिला, तर गोंड-कोलाम बांधवांची दंडार निघाली आहे, हे लहान पोरालाही कळते.

यातली गंमत पाहा. एवढ्या लांबून गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत. सूरही वाऱ्यावर अर्धामुर्धा येतो. नीट पोचतो तो फक्त ठेका. आणि तेवढ्या ठेक्यावरून आपण माणसे ओळखतो, सण ओळखतो, प्रसंग ओळखतो. ज्याने जन्मात कधी मात्रा मोजली नाही, असा माणूसही ओळखतो.

आज मला या ठेक्याविषयी बोलायचे आहे. आपल्या जिल्ह्यातल्या नाचांच्या ठेक्याविषयी, आणि जमेल तितके जगातल्या इतर नाचांच्या ठेक्याविषयी. मी संगीताचा पंडित नव्हे. कॉलेजात मराठी शिकवतो. हा विषय माझ्यामागे लागला तो माझ्याच एका चुकीमुळे. तेव्हा आधी ती चूक सांगतो; म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल.

वीसेक वर्षे झाली असतील. मी नुकताच एम. ए. होऊन पांढरकवड्याकडच्या एका निवासी शाळेत नोकरीला लागलो होतो. स्नेहसंमेलन जवळ आले. नाच बसवण्याचे काम माझ्याकडे आले. कारण एवढेच, की मला थोडीफार पेटी आणि तबला येत होता. मी एक कोळीगीत निवडले. ज्या मुलांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यांच्या हाती मी पुठ्ठ्याची वल्ही दिली! गाणे सहा मात्रांच्या चालीचे होते. मी मुलांना सांगितले, "एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असे मोजा, आणि प्रत्येक 'एक'वर पाऊल टाका." म्हणजे सहा मात्रांत दोन पावले. मुले टाकू लागली. त्यांत सातवीतला एक कोलाम मुलगा होता. तो दर वेळी सहा मात्रांत तीन पावले टाकी. ओळीतली बाकीची मुले दोन पावले टाकीत, हा तीन. मी त्याला तीनदा थांबवले. चौथ्यांदा ओरडलो, "अरे, तुला कान आहेत की नाहीत?" मुले हसली. मी त्याला ओळीतून काढले आणि पडदा ओढण्याच्या कामावर बसवले.

पुढच्या रविवारी त्याचे आजोबा त्याला भेटायला आले. तालीम चालू होती. म्हातारा व्हरांड्यातल्या खांबाला टेकून बराच वेळ पाहत बसला. तालीम संपल्यावर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, पोट्टं सांगत होतं, का ठेका चुकला म्हणून काढलं. आता मी पाहून राह्यलो होतो. तुमी दोन पावलं टाकून राह्यले, थे तीन टाकत असन. पन पह्यल्यावर तं दोघंबी संगच येता ना जी? मंग चुकलं कोन?"

एवढे बोलून त्याने माझ्या टेबलावर दोन्ही हातांनी वाजवून दाखवले. एका हाताने दोन, दुसऱ्या हाताने तीन, आणि दर सहा मात्रांनी दोन्ही हात एकदम पडत होते. चेहऱ्यावर काही विशेष करीत असल्याची खूणही नव्हती. मी खोलीवर जाऊन दार लावून घेतले आणि तसे वाजवण्याचा प्रयत्न केला. मला अर्धा तास लागला.

श्रोतेहो, तुम्हीही करून पाहा. रेडिओवर ऐकणाऱ्यांनी मांडीवर हात ठेवावेत. वाचणाऱ्यांनी पुस्तिका घटकाभर खाली ठेवावी. सारख्या अंतराने एक ते सहा आकडे मोजा, न थांबता पुन्हा एकपासून मोजत राहा. उजवा हात एक, तीन आणि पाच या आकड्यांवर मारा. हे जमले की तो थांबवा आणि डावा हात एक आणि चार यांवर मारा. आता दोन्ही हात एकदम सुरू करा. पहिल्यांदा हात एकमेकांत अडकतील. घाबरू नका. वर्गात करायचे असेल तर निम्म्या मुलांना एक काम द्या, निम्म्यांना दुसरे. पाच मिनिटांत वर्ग घुमू लागेल. 'एक' या आकड्यावर सर्वांची गाठ पडते. तिलाच आपल्याकडे सम म्हणतात. त्या मुलाची सम कधीच चुकली नव्हती. माझे मोजणे तेवढे अपुरे होते.

या साध्या खेळातून एक मोठी गोष्ट हाती लागते. जगातल्या बहुतेक नाचांचे ठेके दोन आणि तीन या दोनच वाटांनी बांधलेले आहेत. दोन-दोन जोडून चार, आठ, सोळा होतात. तीन-तीन जोडून सहा, नऊ, बारा होतात. दोन आणि तीन एकमेकांना जोडले की पाच, सात, अकरा असे विषम ठेके होतात. आणि दोन व तीन एकाच वेळी, एकावर एक चालवले, की त्या आजोबांच्या हातांतला ठेका होतो. घर लहान असो की वाडा असो, विटा याच.

आता आपल्या जिल्ह्यातच एक फेरी मारू. भजनाला जो ठेका धरतात तो बहुधा आठ मात्रांचा, चार-चारचा. तबलजी त्याच घराण्यातल्या ठेक्याला केरवा म्हणतात. वारकरी टाळ घेऊन पावली खेळतात, तेव्हा एक पाऊल पुढे, एक मागे असा हिशेब असतो. माणसाला पाय दोन. तेव्हा दोन-चारच्या ठेक्यात सम दर वेळी त्याच पायावर येते. म्हणून म्हाताराकोताराही या ठेक्यावर न दमता मैलोगणती चालू शकतो. पंढरीची वारी काही उगीच त्या ठेक्यावर चालत नाही.

तीनच्या ठेक्याचे तसे नाही. तीन मोजत चालून पाहा. पहिली सम उजव्या पायावर आली, तर पुढची डाव्यावर येते, त्यापुढची पुन्हा उजव्यावर. अंग आपोआप एकदा इकडे, एकदा तिकडे झुकते. झोका येतो, आणि गिरकी घ्यावीशी वाटते. सहा मात्रांच्या दादऱ्यात हा झोका असतो. पाळणा हलवणाऱ्या बाईला त्याचे शास्त्र कोणी शिकवत नाही.

आपल्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, टाळ्यांवर आणि टिपऱ्यांवर. एका गाण्यावरून दुसऱ्या गाण्यावर जाताना ठेका कसा बदलतो, याकडे पुढच्या वेळी कान द्या. लहान मुली तो बदल न चुकता करतात. त्यांना विचाराल तर त्यांना सांगता येणार नाही, पण हात बरोबर पडतात.

पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड या भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. पुसदजवळचे गहुली हे वसंतराव नाईकांचे गाव. १९६३ पासून १९७५ पर्यंत ते राज्याचे मुख्यमंत्री होते. एके काळी हा समाज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर ने-आण करी. होळीला तांड्यावर पुरुष आणि बाया लेंगी गातात, नाचतात. बायांच्या अंगावर आरशांची फेटिया, कांचळी, हातांत भरगच्च बलिया, कपड्यांना लावलेली नाणी आणि घुंगरू. पाऊल पडले की हे सारे वाजते. म्हणजे दागिने हेही तेथे वाद्यच आहे. नंगाऱ्यावरच्या ठोक्यामागून नाण्यांची ही झणक येते, आणि दोन्ही मिळून तो ठेका पुरा होतो. तोच नाच प्लॅस्टिकच्या टिकल्या लावलेल्या भाड्याच्या पोशाखात बसवला की काहीतरी उणे वाटते. उणे काय असते? निम्मे वाद्य घरी राहिलेले असते.

आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या आपल्या तालुक्यांत गोंड आणि कोलाम वस्त्या. येथे एक खुलासा करतो. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत दंडार म्हणतात ते एक लोकनाट्य आहे. आपल्याकडच्या गोंडांची दंडार ही दिवाळीतली, नाचत एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाण्याची रीत आहे. तीत घुसाडी असतात. डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप, अंगाला राख. ढोल, गुमेला आणि सनईसारखे पेपरे यांच्या साथीवर ते नाचतात. सीमेपलीकडच्या मार्लवाई या गावचे कनक राजू हे या नाचाचे मोठे गुरू. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते वारले. लग्नकार्यात ढेमसा असतो. त्यात एकमेकांना धरून ओळ करतात, आणि ती ओळ कमानीसारखी वळत संथपणे फिरते. तेथे एकट्याने उडी मारून शाबासकी मिळवायची सोय नाही. ओळीतल्या सर्वांचे पाऊल एक पडले पाहिजे, नाहीतर ओळ तुटते.

हे झाले घरचे. आता जरा लांब जाऊ.

युरोपात बोहेमिया म्हणून प्रांत आहे. आज तो चेक देशात मोडतो. तेथून १८३० नंतरच्या दशकात पोल्का नावाचा नाच निघाला आणि थोड्याच वर्षांत पॅरिसपर्यंत पोचला. ठेका दोनचा, चपळ. त्याआधीपासून ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीत शेतकऱ्यांचे तीनच्या ठेक्यावरचे नाच होते. त्यांतूनच वॉल्ट्झ आला. जोडीने धरून गिरक्या घेत नाचायचे. मघाशी आपण तीन मोजत चाललो, तेव्हा अंग झुकले होते ना? वॉल्ट्झची गिरकी त्याच झुकण्यातून आलेली आहे. प्रतिष्ठित लोकांनी आधी या नाचाला नाके मुरडली. पुढे तोच नाच व्हिएन्नाच्या राजवाड्यात गेला. खेड्यातला ठेका आधी गावंढळ ठरतो आणि मग त्याच्याच मागे शहर लागते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यात युरोपातून आलेले हे सूर-ताल आणि मातीचे घुमट एकत्र आले. एकोणिसाव्या शतकात तेथील ख्रिस्ती समाजात मांडो हा प्रकार रूपाला आला. स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर दोन ओळींत, हातांत पंखे आणि रुमाल, पावले संथ. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. घोरपडीला कायद्याने संरक्षण मिळाल्यावर आता बकऱ्याचे लावतात. कातडे बदलले तरी ठेका चालूच आहे.

आता विषम ठेक्यांकडे वळू. बल्गेरियात राचेनित्सा नावाचा नाच आहे. त्याचा ठेका सात मात्रांचा: दोन, दोन, तीन. मोजून पाहा: एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. दोन पावले झटपट आणि तिसरे जरा रेंगाळलेले. त्यांच्या शेजारी ग्रीस देश. तेथील कलामातियानोस नाच हात धरून, गोल करून नाचतात. त्याचाही ठेका सातचाच, पण उलटा: तीन, दोन, दोन. तबला शिकलेल्या श्रोत्यांनी येथे कान टवकारले असतील. आपल्या रूपक तालाची मांडणी हीच: तीन, दोन, दोन. यवतमाळच्या संगीत वर्गातला विद्यार्थी रूपक वाजवू लागला, तर ग्रीसमधल्या शेतकऱ्याच्या पायाला तो अनोळखी वाटू नये. कोणी कोणाकडून घेतला, या वादात मी शिरत नाही. दोन आणि तीन दोघांच्याही घरी आहेत, एवढे पुरे.

या सातच्या ठेक्याची एक गोष्ट मला फार धीर देते. बेला बार्टोक हा हंगेरीचा जगप्रसिद्ध संगीतकार. विसाव्या शतकाच्या आरंभी तो ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन हंगेरी आणि रुमानियातल्या खेड्यापाड्यांत हिंडला आणि शेतकऱ्यांची गाणी व नाचाच्या चाली त्याने टिपून घेतल्या. पुढे बल्गेरियन ठेक्यांचा अभ्यास त्याच्या नजरेस आला, आणि त्याच्या लक्षात आले, की आपण पूर्वी टिपलेल्या रुमानियन चालींतल्या काही चालींचा ठेका असाच विषम होता. आपल्या कानाने तो सरळ करून ऐकला होता! त्याने जुने काम पुन्हा तपासले, दुरुस्त केले, आणि ही गोष्ट लिहून मोकळेपणाने कबूल केली. पियानो शिकणाऱ्यांसाठी त्याने लिहिलेल्या 'मिक्रोकॉस्मोस' या मालिकेच्या शेवटी बल्गेरियन ठेक्यावरचे सहा नाच आहेत. एवढ्या मोठ्या माणसाचा कान चुकला. त्याने तो सुधारला. मग माझ्यासारख्या शाळामास्तराने लाज कशाला बाळगावी?

आता त्या कोलाम आजोबांच्या ठेक्याकडे, म्हणजे दोनवर तीन या ठेक्याकडे येतो. हा ठेका जेथे नाचगाण्याचा कणा आहे, असा प्रदेश म्हणजे पश्चिम आफ्रिका. घाना देशात एवे नावाचे लोक आहेत. त्यांच्या नाचात लोखंडाची घंटा वाजवणारा एक माणूस असतो. बारा मात्रांत तो सात ठोके देतो: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. ढोलवाले त्याभोवती आपापले ठेके विणतात. कोणी तीनने चालतो, कोणी दोनने. नाचणारा आपल्या पायाला जो सापडेल तो धरतो. माझ्या तालमीत तेथला एखादा मुलगा असता, तर मी त्यालाही पडद्यावर बसवले असते.

त्या किनाऱ्यावरून लाखो माणसांना गुलाम करून, जहाजांत कोंबून अमेरिका खंडांत नेले. बरोबर काही नेता आले नाही, ठेका मात्र अंगातच होता. उत्तर अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना येथे १७३९ साली गुलामांचे बंड झाले. ते मोडून काढल्यावर १७४० साली जो कायदा झाला, त्याने गुलामांना ढोल वाजवण्याची बंदी केली. ढोलाच्या आवाजावर माणसे जमतात, हे मालकांनी ओळखले होते. ढोल गेला, तेव्हा लोक मांड्यांवर, छातीवर, टाळ्यांवर आणि पायांच्या आपटण्यावर ठेका धरू लागले. अंग काही जप्त करता येत नाही.

क्युबा बेटावर या ठेक्याने दुसरे रूप घेतले. तेथे लाकडाच्या दोन आखूड दांड्या एकमेकींवर वाजवतात. त्यांना क्लावे म्हणतात. सोळा मात्रांत पाच ठोके: तीन, तीन, चार, दोन, चार. एक, चार, सात, अकरा आणि तेरा या आकड्यांवर टाळी मारून पाहा. पहिल्या तीन टाळ्यांत तिनाचा झोका लागतो, आणि पुढच्या दोन टाळ्या त्याला चारच्या सरळ वाटेवर आणून सोडतात. तेथील कित्येक नाचांच्या मुळाशी हे पाच ठोके आहेत. १९५० नंतर क्युबातून निघालेला चा-चा-चा जगभर गेला. चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून असले ठेके आपल्याकडेही पोचले. आज तुमच्या गावच्या वरातीत जे वाजते, त्यातही कोठेतरी हे पाच ठोके सापडतील.

श्रोतेहो, वरातीचा विषय निघाला म्हणून आता जरा अवघड गोष्टीकडे येतो. आज लग्नात डीजे वाजतो. त्याला नावे ठेवणे सोपे आहे, आणि आवाजाबद्दल ठेवलीच पाहिजेत. म्हाताऱ्यांची आणि लेकरांची छाती धडधडते. पण ठेक्याच्या दृष्टीने फरक निराळाच आहे. डफडेवाला नाचणाऱ्याच्या पायांकडे पाहत वाजवतो. पाय दमले तर तो हात सैल करतो, पाय रंगात आले तर लय चढवतो. यंत्राला पाय दिसत नाहीत. तेथे माणसाने यंत्रामागे धावायचे.

मग डफडे का गेले? पैसे आणि हौस ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण आहे, आणि ते आपण चावडीवर बोलत नाही. ज्यांच्या हातांत डफडे होते, त्यांना लग्नात बोलावणे सर्वांच्या आधी आणि जेवायला पान सर्वांच्या शेवटी, तेही मांडवाबाहेर. १९५६ साली नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर हजारो कुटुंबांनी गावकीची कामे सोडली, आणि त्यांत अनेकांनी वाजवणेही सोडले. त्यांनी योग्यच केले. ज्या वाद्याबरोबर अपमान घ्यावा लागतो, ते वाद्य खाली ठेवण्याचा हक्क माणसाला आहे. ओट्यावर बसून "आपली कला टिकवा बरे" असा उपदेश त्यांना करण्याचा अधिकार आपल्याला नाही. वाजवणाऱ्याला मांडवात बसवले असते, तर कदाचित वाद्यही मांडवात राहिले असते.

शाळेतही थोड्याफार फरकाने हेच घडते, आणि म्हणून शिक्षक बंधुभगिनींना मला खास विनंती करायची आहे. कोलाम मुलाच्या घरी कोलामी बोलतात, गोंडाच्या घरी गोंडी, तांड्यावर गोरमाटी. शाळेत आल्यावर त्याची भाषा बाहेर राहते. मराठी शिकायची म्हटल्यावर ते काही काळ समजू शकते. पण ठेक्याला भाषांतर लागत नाही. तो तसाच वर्गात येऊ शकतो. आपण त्याला दारात अडवू नये.

करायचे ते फार नाही. संमेलनाचे गाणे ठरवण्यापूर्वी मुलांना एक प्रश्न विचारा: तुमच्या घरी होळीला, दिवाळीला, लग्नात काय नाचतात? मुले आधी लाजतील. एक बोलला की दहा बोलतील.

मग गावातल्या जाणत्या बाईला किंवा बाबाला शिकवायला बोलवा. त्यांना खुर्ची द्या, चहा द्या, येण्याजाण्याचे आणि दिवसाच्या मजुरीचे पैसे द्या. त्या दिवशी ते गुरुजी आणि तुम्ही विद्यार्थी. मात्र कोणता नाच रंगमंचावर आणायचा आणि कोणता नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. काही नाच देवाचे असतात, काही ठरावीक दिवसांचेच असतात. ते "नाही" म्हणाले तर आग्रह धरू नका.

आणि एखाद्या मुलाचे पाऊल निराळे पडताना दिसले, तर "चुकले" म्हणण्यापूर्वी थोडे थांबा. सम कोठे मिळते ते पाहा. दर फेरीला तो 'एक'वर येत असेल, तर तो चुकलेला नाही. त्याला तुमच्याहून एक वाट जास्त ठाऊक आहे. खरोखरच चुकत असेल तर शिकवा, त्यासाठीच तर आपण आहोत.

आता माझी गोष्ट पुरी करतो. आजोबा गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावले. म्हटले, "बाळा, माझेच मोजणे चुकले होते. तू ओळीत ये, आणि तुझ्या पावलानेच नाच." तो जमिनीकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "राहू द्या गुरुजी. मी पडदाच वढतो." मी दोनतीनदा सांगून पाहिले. तो ऐकेना. संमेलनाच्या रात्री त्याने पडदा अगदी वेळेवर ओढला, एकदाही अडकू दिला नाही.

मी पडद्याच्या बाजूला पेटी घेऊन बसलो होतो. समोर मुले पुठ्ठ्याची वल्ही मारीत होती, दोन-दोन पावले टाकीत होती. आणि माझ्या शेजारी, अंधारात, पडद्याची दोरी हातात धरून तो उभा होता. त्याच्या टाचा हलत होत्या. एका सहात तीन. कोणाला दिसत नव्हते. मला मात्र ऐकू येत होते.

तो मुलगा आता तिशी ओलांडून गेला असेल. त्यालाही मुले असतील, आणि ती कोणत्यातरी शाळेत जात असतील. या वर्षीच्या संमेलनाची तयारी तेथेही लवकरच सुरू होईल.